आयरिश स्टॅच्युट बुक: कायदा शिकणाऱ्याच्या नजरेतून एका मोफत सेवेचे परीक्षण

आयर्लंडचा कायदा शिकायला घेतलेल्या विद्यार्थ्याला पुस्तकांच्या यादीआधी एक संकेतस्थळ उघडून दाखवावे असे मला वाटते. ते म्हणजे तेथील ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारच्या कायदेशीर सल्लागाराच्या, कार्यालयातर्फे चालवले जाणारे आयरिश स्टॅच्युट बुक. १९२२ पासून आयरिश संसदेने संमत केलेले अधिनियम, त्यांखाली निघालेले नियम व आदेश, १९३७ चे संविधान आणि स्वातंत्र्यापूर्वीचे निवडक कायदे येथे शुल्काशिवाय आणि नावनोंदणीशिवाय वाचता येतात. कायद्याची महागडी पुस्तके न परवडणाऱ्याला ही सोय फार मोठी आहे. मात्र सेवेचे मूल्यमापन करताना पहिल्याच पायरीवर थांबून एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण ती न कळता हे संकेतस्थळ वापरणाऱ्याचा घात होऊ शकतो.

येथील अधिनियमाचा मजकूर संसदेने तो संमत केला त्या दिवशीचा असतो. पुढे झालेल्या दुरुस्त्या त्या मजकुरात मिसळलेल्या नसतात. १९६५ चा वारसा अधिनियम उघडून पाहावा. मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असले तरी हयात जोडीदाराला, अपत्ये नसल्यास मालमत्तेचा अर्धा आणि असल्यास एक तृतीयांश हिस्सा मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. कलम ११७ नुसार, आईवडिलांनी मृत्युपत्रात आपली योग्य तरतूद करण्याचे नैतिक कर्तव्य पाळले नाही, अशी तक्रार अपत्याला न्यायालयात करता येते. मूळ मजकुरात त्यासाठीची मुदत बारा महिन्यांची आहे, आणि आज ती सहा महिन्यांची आहे. हा बदल कोणी केला? १९९६ च्या कौटुंबिक कायदा (घटस्फोट) अधिनियमाने. वारशाच्या दाव्याची मुदत घटस्फोटाच्या कायद्यात शोधायला कोणता नवखा जाईल? मुदत काटेकोर असल्यामुळे जुना मजकूर वाचून निर्धास्त राहिलेल्याचा दावाच बाद होईल. विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या अपत्यांना समान स्थान देणारा १९८७ चा कायदा आणि नागरी भागीदारांना (विवाहाऐवजी कायद्याने नोंदवलेल्या नात्यातील जोडीदारांना) वारसाहक्क देणारा २०१० चा कायदा यांचाही १९६५ च्या पानावरील मजकुरात मागमूस नाही.

यावरचा उपाय त्याच पानावर आहे. तो वापरण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. प्रत्येक अधिनियमासोबत दुरुस्त्या, अंमलात येण्याच्या तारखा आणि त्याखाली निघालेले आदेश यांची सूची जोडलेली असते. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेला कायदा सुधारणा आयोग ही सूची सांभाळतो आणि महत्त्वाच्या अधिनियमांच्या सुधारित आवृत्त्याही प्रसिद्ध करतो. सुधारित आवृत्तीत आजचा मजकूर सलग वाचता येतो, शिवाय टिपांचे वर्गीकरणही विचारपूर्वक केलेले आहे. ‘एफ’ टीप शब्दांत झालेला बदल दाखवते, ‘सी’ टीप शब्द तेच राहूनही अर्थावर किंवा व्याप्तीवर झालेला परिणाम सांगते आणि ‘ई’ टीप संपादकीय माहिती देते. दुसऱ्या प्रकारची टीप मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कलमाचा एकही शब्द न हलता त्याचा परिणाम बदलू शकतो ही गोष्ट विद्यार्थ्याच्या सहजासहजी लक्षात येत नाही. उणीव इतकीच की सर्व अधिनियमांच्या अशा आवृत्त्या नाहीत, आणि आहेत त्या सोयीसाठी आहेत. अधिकृत मजकूर म्हणून त्यांचा हवाला देता येत नाही.

अंमलात येण्याच्या तारखांची सूची तर अनिवार्य समजावी. निर्णयक्षमतेविषयीचा अधिनियम २०१५ च्या डिसेंबरमध्ये संमत झाला. १८७१ च्या, ‘वेड्यां’साठी केलेल्या कायद्यावर उभी असलेली न्यायालयीन पालकत्वाची (स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीचे निर्णय न्यायालयाने हाती घेण्याची) जुनी पद्धत त्याने मोडीत काढायची होती. प्रत्यक्षात तो २६ एप्रिल २०२३ रोजी लागू झाला, आणि लागू होण्याआधीच २०२२ मध्ये त्याच्यात दुरुस्तीही झाली. केवळ शीर्षकातले वर्ष पाहून निष्कर्ष काढणारा येथे सात वर्षांनी चुकला असता.

असे असले तरी मूळ मजकूर तसाच ठेवणे हा मला दोष वाटत नाही. अशिलासाठी जे धोक्याचे आहे तेच वर्गात उपयोगी पडते. १९३७ च्या संविधानाने विवाहविच्छेदाचा कायदा करण्यासच मनाई केली होती; १९८६ च्या सार्वमतात ती टिकली आणि १९९५ मध्ये जेमतेम ५०.३ टक्के मतांनी उठली. त्यानंतरच्या १९९६ च्या अधिनियमाचे कलम ५ मूळ रूपात वाचले की मागील पाच वर्षांपैकी चार वर्षे विभक्त राहण्याची अट दिसते. २०१९ च्या सार्वमतानंतर ती तीनपैकी दोन वर्षांवर आली. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला निसटत्या बहुमताने मिळालेली मुभा किती हातचे राखून दिली गेली होती, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या सेवेची खरी मर्यादा वेगळीच आहे. १९३५ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाच्या कलम १७ ने गर्भनिरोधकांच्या विक्रीवर व आयातीवर बंदी घातली. १९७३ मध्ये मॅगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील आयातबंदीची तरतूद संविधानाशी विसंगत ठरवली, आणि त्यासाठी आधार घेतला तो संविधानात शब्दशः कोठेही न लिहिलेल्या वैवाहिक खासगीपणाच्या हक्काचा. कलम वाचून हे कळत नाही, संविधान वाचूनही कळत नाही. त्यासाठी निकालच वाचावा लागतो, आणि निकाल न्यायालय सेवेच्या स्वतंत्र संकेतस्थळावर आहेत.

मांडणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर अधिनियम वर्षानुसार लावलेले आहेत, त्यामुळे नाव किंवा वर्ष ठाऊक नसलेला वाचक चाचपडतो. त्याने आयोगाची विषयवार यादी आधी पाहावी. तिथे अमलातील कायदे ३६ विषयांखाली विभागलेले आहेत.

सॉलिसिटर, म्हणजे अशिलाला थेट सल्ला देणारा वकील, होऊ पाहणाऱ्याला लॉ सोसायटी या त्यांच्या व्यावसायिक संस्थेची आठ विषयांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तर बॅरिस्टर, म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा वकील, होण्याचा मार्ग १५४१ पासूनच्या किंग्ज इन्स या संस्थेतून जातो. दोन्हीकडच्या तयारीत छापील टिपणांवर भिस्त ठेवण्याचा मोह मोठा असतो. माझ्या मते शिक्षकांनी पहिल्या काही तासांत एकच कलम द्यावे आणि त्याचा जन्म, अंमल, दुरुस्त्या व निकाल या संकेतस्थळांवरून शोधून आणायला सांगावे. एकत्रित कायदाही स्थिर राहत नाही: १,४४८ कलमांचा २०१४ चा कंपनी अधिनियम १९६३ पासूनचे विखुरलेले कायदे एकत्र करण्यासाठी झाला, आणि त्यातही पुढे दुरुस्त्या होत राहिल्याच. सुधारित आवृत्तीवर ती कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहे हे छापलेले असते. त्या तारखेनंतरच्या दुरुस्त्या सूचीत पाहिल्याशिवाय कोणतेही कलम उद्धृत करू नये.