'मिक्स चालेल ना?' आणि मी 'हो' म्हणालो

आमच्याकडे मटण आणायचं काम कायम अप्पांचं. यंदा जूनमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आखाडाच्या शेवटच्या रविवारी पिशवी माझ्या हातात आली. पुण्यातलंच दुकान, नाव लिहीत नाही. सकाळी सातलाच ही रांग.

"बोकडाचंच आहे ना?" एवढा एक प्रश्न मला येत होता, तो विचारला. "किलोभर रस्स्याला, किलोभर खिमा." मालकाने मागचं रान, म्हणजे मागच्या पायाची मांडी, उचलून दाखवलं. "मिक्स चालेल ना साहेब?" माझ्या डोक्यात मिक्स म्हणजे थोडं पुढचं, थोडं मागचं. म्हटलं, चालेल. रान काट्यावर ठेवलं, मग खिम्यासाठी आत गेलं. १५२० रुपये दिले आणि निघालो.

घरी सहा शिट्ट्या झाल्या तरी तुकडे चामड्यासारखे. खिम्याला नुसतं पाणी आणि तेलाचा तवंग. अप्पा काही बोलले नाहीत, एकेक तुकडा ताटाच्या कडेला मांडत गेले. "ही मानेची चकती. ही पण मानेचीच. हा पोटाचा पडदा. ही नुसती चरबी. आणि खिम्यात हे पांढुरकं, भुसभुशीत दिसतंय ना, तो फोपसा, म्हणजे फुफ्फुस. रान तिथंच राहिलं बाबा." त्यांच्या मते जनावरही म्हातारी शेळीच. लालभडक मांस, जाड टणक हाडं. पालव्याचं, म्हणजे कोवळ्या करडाचं, मटण गुलाबी असतं आणि हाडं बारीक. खिमा अर्धा संपला होता म्हणून त्याचं वजन करून बघता आलं नाही, पण संध्याकाळी दुकानात मालकाला जाब विचारायला गेलोच.

"तुम्हीच मिक्स म्हणालात. आणि चरबी काय, सफाईत थोडं इकडंतिकडं होतंच." सफाई झाली असती तर चरबी माझ्या ताटात कशी आली, हे मला रस्त्यात सुचलं. नेहमीसारखं.

तर दुकानात 'मिक्स' आणि 'चांगलं द्या' हे दोन शब्द तोंडातून काढू नका. दुकानदाराला ते 'याला काही कळत नाही' असंच ऐकू येतं. भाग सांगून मागा. रस्स्याला पुढचा पाय, सीना म्हणजे छातीचा भाग आणि एखादी नळी, म्हणजे पायाचं पोकळ हाड. हाडाबरोबर शिजलं की रस उतरतो. सुक्याला चाप म्हणजे बरगड्यांचा भाग आणि पुठ म्हणजे पाठीचा. खिम्याला रान, पण ते तुमच्यासमोर हाडावरून काढून, तुमच्यासमोरच मशीनमध्ये गेलं पाहिजे. आधीच करून ठेवलेला खिमा अजिबात नको. कलेजी, वजडी (पोट-आतडी) वेगळी मागा, वेगळी मोजून घ्या. बोकड असेल तर टांगलेल्या धडाला अंडकोष ठेवलेले असतात, ते बघायला लाजू नका. आणि वजन तुकडे झाल्यावर, चरबी काढल्यावर. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. काट्याचा संशय आला तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

आता मीच जातो, दुकान बदललंय. अप्पा अजूनही पिशवी उघडून बघतात. परवा त्यात मानेचे दोन तुकडे निघाले तसे भुवया वर गेल्या.

"मीच मागितलेत," म्हटलं. "रस्स्याला."