धूलिमेघांसाठी सॅमयांग १३५ मिमी एफ/२
कृत्तिकांभोवतीची फिकट धूळ किंवा ज्येष्ठेजवळचे रंगीत मेघ टिपायला ही मॅन्युअल लेन्स अप्रतिम आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) सुमारे १५ बाय १० अंशांचं आकाश मावतं. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) थोडं लहान करून एफ/२.८ वर आणलं की कोपऱ्यांतले तारे अधिक नेटके येतात, पण छिद्राच्या नऊ पात्यांमुळे ठळक ताऱ्यांना अठरा किरणं फुटतात.

खरी कसोटी फोकसची. अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बाह्तिनोव्ह मास्कने (लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) फोकस साधा, रिंग चिकटपट्टीने पक्की करा आणि तापमान उतरलं की पुन्हा तपासा.

ड्युअल-बँड फिल्टर (चमकत्या वायूंच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) इथे नकोच! ही धूळ ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, आणि फिल्टर त्यातला बहुतेक भाग अडवतो. त्यापेक्षा अंधारं आकाश गाठा, ट्रॅकरवर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) ६० सेकंदांच्या फ्रेम तीन-चार तास घ्या. फ्लॅट्स (कडांचा काळोख दुरुस्त करायला एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे घेतलेले फोटो) टाळलेत, तर कडांचा काळोख कुठे संपतो आणि धूळ कुठे सुरू होते, हेच कळत नाही.