आठ महिने घरच्या लॅपटॉपवर मराठी व्हिस्पर : वापरानंतरचा अनुभव

माझी ताई साताऱ्यात वकिली करते. दिवाणी दावे, त्यातही बहुतेक जमिनीचे. अशील समोर बसून तासभर बोलतो, ताई फोनवर रेकॉर्ड करते आणि रात्री जेवणं आटोपल्यावर ते परत ऐकत टिपणं काढते. ऐकून लिहायचं काम मशीनने करावं असं तिला फार दिवस वाटत होतं. अट एकच: अशिलाचा आवाज बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरवर जाता कामा नये. भावाभावांच्या वाटणीत माणसं काय काय बोलून जातात हे मी ऐकलंय, त्यामुळे ही अट मला शंभर टक्के पटली. म्हणून सगळं माझ्या लॅपटॉपवरच उभं केलं. त्याला आता आठ महिने झाले.

ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल एमआयटी लायसन्सखाली खुलं केलं. पहिली आवृत्ती ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेली होती आणि मराठी तेव्हापासूनच त्यात आहे. मी वापरतो ते फास्टर-व्हिस्पर. मॉडेल तेच, पण सीट्रान्सलेट२ या इंजिनावर बसवल्यामुळे मेमरी कमी लागते आणि वेगही चांगला मिळतो. मागे सर्व्हरसाठी पायथनमधलं फास्टएपीआय आणि पुढे ब्राउझरमध्ये माईकचं बटण असलेलं एक साधं पान, एवढाच पसारा. इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं आणि पहिलं वाक्य मराठीत उमटलं तेव्हा फार आनंद झाला. पुढचे दोन आठवडे मात्र मॉडेलने नाही, माईकने खाल्ले.

लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच यंत्रावरच्या पत्त्याला, माईक व्यवस्थित चालत होता. ताईने तेच पान वायफायवरून फोनवर उघडलं, आयपी पत्ता टाकून, तर बटण दाबून काहीच होईना. परवानगीही विचारेना. कारण असं की ब्राउझर माईक फक्त सुरक्षित पानाला देतो. लोकलहोस्टला त्यात सूट आहे, पण घरातल्याच दुसऱ्या यंत्राचा साध्या एचटीटीपीवरचा पत्ता त्याच्या लेखी असुरक्षित. एमकेसर्ट या साधनाने स्थानिक सर्टिफिकेट बनवलं, फोनवर त्याचं मूळ सर्टिफिकेट बसवलं आणि तो प्रश्न मिटला. हे काम पहिल्याच दिवशी उरकून घ्या.

दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. बोलता बोलता अक्षरं दिसावीत म्हणून मी दर पाच सेकंदांनी आवाजाचा तुकडा सर्व्हरला पाठवत होतो. पहिला तुकडा छान उलगडायचा, दुसऱ्यापासून आवाजाची फाईल उलगडणारं एफएफएमपेग थेट त्रुटी द्यायचं. दोन रात्री मी सर्व्हरचा कोड उलटापालटा केला. दोष तिथे नव्हताच. ब्राउझरच्या मीडियारेकॉर्डरने बनवलेल्या वेबएम फाईलचा हेडर, म्हणजे ती कशी वाचायची ही माहिती, फक्त पहिल्या तुकड्यात असतो, पुढचे तुकडे एकटे वाचताच येत नाहीत. शेवटी ब्राउझरच्याच ऑडिओवर्कलेटमधून कच्चा आवाज घेतला, १६ किलोहर्ट्झ मोनो केला आणि वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या जोडणीवरून, पाठवला. त्यानंतर आजतागायत तक्रार नाही.

आता मराठीबद्दल. भाषा ओळखायचं काम मॉडेलवर सोडू नका. ते सुरुवातीचा आवाज ऐकून ठरवतं आणि आमच्याकडे तीनचारदा त्याने हिंदी ठरवली. मग ‘वडिलांच्या नावावर’चं ‘पिताजी के नाम पर’ झालं. ‘एमआर’ हा मराठीचा कोड सक्तीने दिला आणि हा प्रकार थांबला. व्हिस्परचं स्मॉल हे लहान मॉडेल मराठीला पुरत नाही. वाक्याचा सूर कळतो, शब्द हरवतात. लार्ज-व्ही३ हे मोठं मॉडेल आठ बिटांवर आणलं, म्हणजे त्यातले आकडे कमी जागेत साठवले, की माझ्या सहा जीबीच्या ग्राफिक्स कार्डात बसतं, आणि फरक पहिल्या ओळीपासून दिसतो.

तरीही ‘खातेफोड’चं ‘खाते फोड’ व्हायचं आणि ‘फेरफार’ कधी ‘फार फार’ व्हायचं. मॉडेलला सुरुवातीला द्यायच्या सूचनेत ताईने सांगितलेले शब्द घातले: सातबारा, फेरफार, खातेफोड, मुखत्यारपत्र, वहिवाट, बक्षीसपत्र. फरक पडला. मात्र या सूचनेला २२४ टोकनांची (मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे करतं त्यांची) मर्यादा आहे आणि देवनागरी टोकनं भराभर खाते, त्यामुळे यादी निवडूनच द्यावी लागते.

अशील गप्प बसला, कागद चाळत राहिला की मॉडेल न बोललेली वाक्यं लिहायचं. वकिलाच्या टिपणात हे अजिबात चालणार नाही. शांतता गाळणारा व्हीएडी फिल्टर सुरू केला, मागच्या मजकुरावर टेकून पुढचं लिहायची सवय बंद केली, तेव्हा हे जवळजवळ संपलं.

मॉडेलांची तुलना करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. व्हिस्परसोबत येणारा बिगर-इंग्रजी भाषांचा मजकूर साफ करणारा कोड वापरून चुका मोजू नका. तो विरामचिन्हांबरोबर आपल्या मात्रा आणि वेलांट्याही पुसतो. मूल, माल, मेल, मोल, सगळ्यांचं ‘म ल’ होतं आणि चुकलेला शब्द बरोबर धरला जातो. मराठीचे आकडे उगीच चांगले दिसतात. मी माझा छोटा कोड लिहिला, फक्त विरामचिन्हं काढणारा.

एक बारीकशी गोष्ट: रीलोड चालू असेल तर कोड सेव्ह केला की फास्टएपीआय चालवणारा युव्हिकॉर्न सगळं नव्याने उठवतो आणि मॉडेलही पुन्हा मेमरीत भरतो. मॉडेल वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवलं आणि दिवसाचा बराच वेळ वाचला.

ताई आता तासाभराच्या बोलण्याचं टिपण वीसेक मिनिटांत तपासून मोकळी होते. गट नंबर, क्षेत्र आणि तारखा मात्र ती प्रत्येक वेळी मूळ आवाजात ऐकतेच, कारण ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’मध्ये मॉडेल अजून गडबडतं. त्यासाठी गेल्या महिन्यात शब्दागणिक वेळ नोंदवायची सोय सुरू केली. आकड्यावर बोट ठेवलं की आवाज दोन सेकंद आधीपासून वाजतो.