खिडकीतला कडुनिंब : एका ज्येष्ठ निवासाविषयी

तळेगावजवळच्या एका ज्येष्ठ निवासात आईसाठी घर पाहताना सर्वांत भावली ती शयनगृहाची खिडकी. पलंगावर आडवे पडूनही कडुनिंब दिसावा, इतकी ती खाली घेतली आहे. ही केवळ हौस नव्हे, कारण रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेल्याचे आढळले होते. कमरेइतक्या उंच वाफ्यांमुळे न वाकता गवती चहा खुडता येतो. मात्र बागेकडे नेणारा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ यापेक्षा, तीव्र वाटला, आणि पावसाळ्यात शेवाळ धरणारी गुळगुळीत शहाबादी फरशी तिथे कोणी निवडली, हे कोडेच आहे. बाकांनाही धरून उठण्यासाठी आधाराचे दांडे नाहीत. हे दांडे बसवले जाईपर्यंत आम्ही नोंदणी थांबवली आहे.