सार्री की कास्तोरी? माझं मत

इटलीच्या फुटबॉलमधल्या खालच्या लीगमधून वर आलेल्या कोचचा विषय निघाला की सगळे मौरित्सिओ सार्रीचंच नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा, बँकेत नोकरी करत करत टस्कनीतल्या हौशी टीम सांभाळायच्या, मग नोकरीच सोडायची, सान्सोविनो, सांजोव्हानेझे अशा छोट्या टीम घेत एकेक पायरी चढत 2014 ला एम्पोलीला सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये न्यायचं, पुढे नापोली, चेल्सी, युव्हेंटस अशा मोठ्या टीम, आणि युव्हेंटससोबत 2020 चं लीग टायटल. बेंचवर न पेटवलेली सिगारेट चघळत बसायचा तो!

पण मला फाब्रित्सिओ कास्तोरी हा दुसरा इटालियन कोच जास्त भावतो. सार्रीचे छोटे छोटे पास बघायला भारी, कास्तोरीचं तसं काही नाही, बॉल लांब मारा, सुटलेल्या बॉलवर तुटून पडा, बस्स. याच फुटबॉलवर 2015 ला त्याची कार्पी ही छोटी टीम पहिल्यांदा सेरी ए मध्ये गेली. त्यांचं स्वतःचं ग्राउंड एवढुसं की होम मॅच शेजारच्या मोदेनात. तिथेच सप्टेंबरात सार्रीच्या नापोलीला 0-0 वर रोखलं, आणि तीनच दिवसांनी रोमाकडून 5-1 खाल्ल्यावर कास्तोरीला काढलं 🤦 नोव्हेंबरात परत त्यालाच बोलावलं, शेवटी 38 पॉइंट्स, एका पॉइंटने परत खालच्या लीगमध्ये गेले.

2021 मध्ये कास्तोरीने सालेर्निताना या टीमला सेरी ए मध्ये नेलं, ऑक्टोबरात तिथूनही डच्चू.

ट्रॉफी मोजायच्या तर सार्रीच, वादच नाही. पण तुटपुंज्या टीमला वर काढायचं असेल तर मी आधी कास्तोरीलाच फोन लावेन.