रत्नागिरीजवळील मांस-तपासणी प्रयोगशाळा: काम चोख, अहवाल उशिरा

आमच्या मटणाच्या दुकानातील नमुने आम्ही येथे दिले होते. ट्रायब्युटिरिन आगरवर (ट्रायब्युटिरिन ही चरबी मिसळलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) वाढलेल्या वसाहतींभोवती उमटणारी पारदर्शक वलये पाहून चरबी फोडणारे लायपेज हे विकर (एन्झाइम) स्रवणारे जिवाणू येथे ओळखतात. मग चरबी वेगळी काढून, फिनॉल्फ्थॅलीन हा रंगदर्शक घालून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करतात (रंग बदलेपर्यंत ते थेंबाथेंबाने मिसळून आम्ल मोजतात) आणि चरबी फुटून सुटलेल्या मुक्त मेदाम्लांचे प्रमाण ओलेइक आम्लाच्या टक्केवारीत देतात. स्यूडोमोनाससारखे जिवाणू थंडीतही वाढत असल्यामुळे ४ अंश सेल्सिअसला साठवलेले मांसही तपासावे, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला. हवेतील ऑक्सिजनमुळे येणाऱ्या खवटपणासाठी पेरॉक्साइड मूल्य (चरबीचे ऑक्सिडीकरण किती झाले याचे माप) स्वतंत्रपणे मोजतात. अहवाल मात्र उशिरा मिळाला, आणि कोकणातल्या दमट हवेत नमुने बर्फात पोहोचवण्याची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकावर टाकणे योग्य नाही.