अ‍ॅसिडिटी आणि अल्सरची औषधं: कोणाला कुठलं, केव्हा आणि किती दिवस

"अ‍ॅसिडिटीची गोळी द्या" ही मागणी औषधाच्या दुकानात दिवसभर कानावर पडते. अशा गोळ्यांचे किमान चार प्रकार आहेत आणि त्यांचं काम, वेळ, धोके सगळंच निरनिराळं आहे. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, पण ते चुकीच्या वेळी घेतलं जातं आणि थांबवायचं कधी हे कुणी ठरवलेलंच नसतं. त्यामुळे निवड करताना आधी दोन गोष्टी पाहा: त्रास आठवड्यातून किती वेळा होतो, आणि कशामुळे होतो.

महिन्यातून एखाद्या वेळी झणझणीत मिसळ किंवा लग्नाचं उशिरा झालेलं जेवण बाधलं, तर अँटासिड पुरे. जेल्युसिल, डायजीन यांसारख्या औषधांतलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पोटात आधीच तयार झालेलं आम्ल निष्प्रभ करतं. काही मिनिटांत बरं वाटतं, पण रिकाम्या पोटी घेतलं तर तासाभरात असर ओसरतो. जेवणानंतर घेतलं तर जास्त टिकतो. मॅग्नेशियमने पोट सैल होतं, अ‍ॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतो, म्हणून दोन्ही एकत्र घातलेले असतात. ईनो म्हणजे खायचा सोडा आणि लिंबाचं आम्ल. त्यात सोडियम भरपूर असतं, त्यामुळे ब्लडप्रेशर, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ते रोजचं करू नये. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स अँटासिडबरोबर घेतली तर अंगी लागत नाहीत. मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत, थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास.

त्रास आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल, विशेषतः रात्री झोपताना, तर फॅमोटिडिन चांगलं. जठराला आम्ल बनवायला सांगणारा हिस्टामिनचा निरोपच ते अडवतं. तासाभरात गुण येतो आणि दहा-बारा तास टिकतो. या घराण्यातलं पहिलं औषध सिमेटिडिन 1976 साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं. त्याआधी न भरणाऱ्या अल्सरसाठी थेट ऑपरेशन करावं लागे. ते औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं. या औषधांची खोट एवढीच, की सलग रोज घेतली तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर सरावतं आणि गुण कमी होतो. वयस्करांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना डोस कमी करावा लागतो, नाहीतर गोंधळल्यासारखं होतं.

आपल्याकडे या घराण्यातलं घरोघरी माहीत असलेलं नाव म्हणजे रॅनिटिडिन: रँटॅक, अ‍ॅसिलॉक, झिनटॅक. त्यात एनडीएमए हे कॅन्सरशी संबंधित मानलं जाणारं अशुद्ध द्रव्य सापडलं आणि ते साठवणुकीत, विशेषतः उष्णतेने वाढतं असं दिसल्यावर अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये रॅनिटिडिन बाजारातून मागे घ्यायला लावलं. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते सप्टेंबर 2022 मध्ये वगळलं गेलं. अधूनमधून घेतलेल्या गोळ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण नागपूर-अकोल्याचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणला, तर फॅमोटिडिन हाताशी असताना रॅनिटिडिन निवडायला मला एकही कारण दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाणारी मंडळी: ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल. यांना पीपीआय म्हणतात. आम्ल बाहेर टाकणारे जठरातले पंपच ही औषधं बंद करतात, पण फक्त चालू असलेले पंप. पंप चालू होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, शक्यतो सकाळी अनशापोटी घ्यायची. चिठ्ठीवर डॉक्टर 'बीबीएफ' लिहितात त्याचा अर्थ हाच, न्याहारीच्या आधी. नाश्ता उरकून चहाबरोबर घेतलेली गोळी निम्मं काम करते, आणि मग माणूस म्हणतो, "मला पँटोप्रॅझोल लागू पडत नाही." पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे जळजळ उठल्यावर तेवढ्यापुरती पीपीआय घेण्यात अर्थ नाही. गोळी तोडू किंवा कुटू नये, कॅप्सूलमधले दाणे चावू नयेत. आम्लाने औषध जठरातच नासू नये म्हणून त्यावर आवरण दिलेलं असतं.

या चौघांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न दुकानात नेहमी येतो. योग्य डोसमध्ये आणि योग्य वेळी घेतली तर बहुतेकांना फरक जाणवणार नाही, तेव्हा स्वस्त पडेल ती घ्या. एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध चालू असेल, तर ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळावं, कारण यकृतात क्लोपिडोग्रेल कार्यान्वित होण्यात ती आड येतात. तिथे पँटोप्रॅझोल बरं. व्होनोप्रॅझान हे नवं औषध जपानमध्ये 2014 साली मंजूर झालं आणि आता आपल्याकडेही मिळतं. त्याला जेवणाची वेळ पाळावी लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून गुण येतो. पण ते महाग आहे. अन्ननलिकेला जखमा असतील किंवा पीपीआय नीट घेऊनही भागत नसेल तरच त्याचा विचार करावा.

पॅन-डी हे पँटोप्रॅझोलचं जास्त जोरदार रूप आहे असा मोठा गैरसमज आहे. त्यातला 'डी' म्हणजे डोमपेरिडोन, मळमळ आणि उलटीवरचं औषध. आम्लाशी त्याचा संबंध नाही. मळमळ किंवा पोट गच्च राहणं असेल तर थोडे दिवस ठीक. पण साठीपुढच्या माणसाने, विशेषतः हृदयाचा आजार असताना, ते महिनोन्महिने घेऊ नये, कारण त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. आईवडिलांच्या औषधांच्या डब्यात पॅन-डी रोजची म्हणून पडून असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा.

सुक्राल्फेट हे गुलाबी-पांढरं सिरप आम्ल कमी करत नाही. ते व्रणावर चिकटून वरून लेप देतं. गरोदरपणात ते चालतं. पण दिवसातून चार वेळा, रिकाम्या पोटी घ्यायचं, शिवाय बद्धकोष्ठ होतो आणि इतर औषधं शोषली जाण्यात अडथळा येतो. एकट्याच्या बळावर ते पीपीआयची जागा घेऊ शकत नाही.

खरोखर अल्सर असेल तर प्रश्न नुसत्या आम्लाचा उरत नाही. बहुतेक अल्सर दोनच कारणांनी होतात: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, किंवा वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू शोधला. कुणी विश्वास ठेवीना तेव्हा मार्शल स्वतः त्या जंतूंचा काढा प्यायले आणि आजारी पडले. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. जंतू असताना नुसती पीपीआय घेतली तर व्रण भरतो, पण औषध थांबलं की अनेकांना पुन्हा होतो. जंतू मारला तर बहुतेकांना परत होत नाही. म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या गिळण्यापेक्षा एकदा तपासणी करणं कितीतरी स्वस्त. शौचाची किंवा श्वासाची तपासणी होते, एंडोस्कोपी करताना तुकडा घेऊनही होते. त्याआधी दोन आठवडे पीपीआय आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' असा येतो. ही सूचना रुग्णाला अनेकदा कुणी देतच नाही.

उपचार सहसा 14 दिवसांचा असतो. एक पर्याय म्हणजे पीपीआयसोबत अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. दुसरा पीपीआय, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल असा चौघांचा. भारतात क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू बरेच आहेत, त्यामुळे गोळ्या जास्त असल्या तरी माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. बिस्मथने शौचाला काळी होते, त्याने घाबरू नये. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडू नये, आणि संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का ते पुन्हा तपासावं.

गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांचा मार्ग वेगळा. आधी ती गोळी थांबवता किंवा बदलता येते का ते पाहायचं. घ्यावीच लागत असेल तर तोवर सोबत पीपीआय हवी. इथे ती बराच काळ चालणं योग्यच आहे. मिसोप्रोस्टॉलही अशा व्रणांपासून वाचवतं, पण त्याने जुलाब होतात आणि गरोदर स्त्रीला ते अजिबात चालत नाही, कारण गर्भपात होऊ शकतो.

पीपीआयच्या मुदतीचं म्हणाल तर लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणाला साधारण चार आठवडे, जठरातल्या व्रणाला आणि अन्ननलिकेच्या दाहाला आठ आठवडे. पीपीआय वर्षानुवर्षं चालू राहिली तर बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी माणूस आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारा असेल तर बी-12 मुद्दाम तपासावं. बऱ्याच दिवसांची पीपीआय एकदम बंद केली की आम्ल काही दिवस उसळतं आणि "गोळीशिवाय माझं चालतच नाही" असं वाटू लागतं. म्हणून आधी डोस निम्मा, मग एक दिवसाआड, आणि मधल्या जळजळीला अँटासिड किंवा फॅमोटिडिन, असं डॉक्टरांना विचारून उतरवावं.

डांबरासारखी काळी चिकट शौचाला, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काहीही असेल तर वरची तुलना बाजूला ठेवून एंडोस्कोपी करून घ्यावी. आणि छातीत दाब येऊन घाम सुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर ईनो पिऊन वाट पाहत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि आधी ईसीजी काढायला सांगा.